मथुरेच्या लग्नातलं माझं पान

भिलाई, सेक्टर पाच
१० एप्रिल १९६४

प्रिय सरला,

तुझं पत्र परवा आलं आणि त्या दुपारी पोळीचा घास घशाखाली उतरेना. तुझ्या मथुरेच्या लग्नाला रायपूरला यावं, अक्षता टाकाव्या, पण पंगतीत बसू नये. माझं पान तू आतल्या खोलीत मांडशील, व्याह्यांकडच्या मंडळींना चालायचं नाही, असं लिहिलंस. नातीच्या लग्नात आजोबानं दार लोटून एकट्यानं जेवायचं! अगं, तुझ्या लग्नात याच माणसानं पंगतीत एकामागून एक सात श्लोक म्हटले होते. वाढपी बुंदीची ताटं धरून ताटकळले आणि तुझी आई पदराआड हसत होती. तुला कुठलं आठवायला, तू उखाण्याच्या धास्तीत होतीस.

ऑपरेशनला चौदा महिने झाले. तू इस्पितळात एकदाच आलीस, खिडकीकडे बघत बसलीस आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलीस. तेव्हा आता नीट ऐक, तुझ्या बापाच्या पोटात काय चाललंय ते. मोठ्या आतड्याच्या शेवटाला वाईट गाठ होती. बंगाली डॉक्टरांनी ती काढली, खालची वाट शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला आणून ठेवलं. बस. बाकी वीस हातांचा मार्ग होता तसा चालू आहे.

आणि काय मार्ग आहे म्हणून सांगू! डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं तेव्हा मी टाके सांभाळून हसलो. म्हटलं, साहेब, एकतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी, ही तर आमचीच लाइन. जठराच्या खालच्या तोंडाला फाटक आहे. ते सगळा माल एकदम सोडत नाही. थोडा आंबट लगदा पुढे जातो, त्यात पित्त मिसळतं, पाचक रस मिसळतात, आणि पुढल्या आतड्यानं 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागचा हलत नाही. तूप जास्त झालं की फाटक आणखी वेळ बंद. पुरणपोळीनंतर संध्याकाळपर्यंत जड वाटतं ते याचसाठी. गंमत अशी, की हा कारभार बराचसा आतड्याच्या भिंतीतल्या नसाच परस्पर चालवतात. मेंदू हेड ऑफिससारखा लांब बसून फक्त चिठ्ठ्या पाठवतो: घाई करा, थांबा. माणूस भ्याला, दुखावला, की थांबा. परवा तुझं पत्र वाचल्यावर तसलीच चिठ्ठी आली होती.

चाल तर अशी, की मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो आणि घास सरकतो. भंडाऱ्याच्या शाळेत गुरुजी आमच्याकडून पाटीवर टिचक्या मारून भुजंगप्रयात घोकून घेत. लगागा, लगागा, लगागा, लगागा. हल्ली जेवल्यावर पोटावर तळवा ठेवून पडतो तेव्हा तीच चाल हाताला लागते. सत्तरीत मला हे वृत्त पुन्हा सापडलं, आणि तू म्हणतेस लपवा.

पोटात काही पडलं की थोड्या वेळानं मोठं आतडं जागं होतं. तेही मी हेरून ठेवलंय. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की गरम चहा घेतो, मग रबरी नळीनं आतडं धुतो, की उद्यापर्यंत सहसा निवांत. वर कापसाची गादी आणि कमलानं शिवलेला खादीचा पट्टा. तुझी भावजय ते पट्टे घरातच वाळत घालते, बाहेर भट्टीची लाल धूळ बसते म्हणून. तिनं आजवर नाक मुरडलं नाही. कांदा, कोबी मी सोडलेत. पंगतीत ढेकर देणाऱ्या निम्म्या पाहुण्यांपेक्षा मी स्वच्छ आहे.

तरी म्हटलं, व्याह्यांना चालत नसेल तर त्यांच्याच तोंडून ऐकावं. काल तुझ्या भावाबरोबर, सूर्यकांतबरोबर, सुपेल्याच्या बाजारात गेलो आणि कापडाच्या दुकानात तुझे व्याही गुलाबराव भेटले. सूर्यकांत कोपरानं ढोसत होता, तरी मी त्यांना सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. ते म्हणाले, काकाजी, हे मले कायले सांगून राहिले? माझ्या बापाले दोन वर्षं लेकरावानी धुतलं आमी. तुमचे श्लोक ऐकाले आमचे पाव्हणे येऊन राहिले, अन् तुमी आतमंधी जेवता म्हन्ता? त्यांच्या घरी कुणी एक शब्द काढलेला नाही, सरला. पंगतीचं हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. चालत नाही ते तुला, म्हणून हे पत्र. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तुला माझी लाज वाटत असेल तर ती तुझी तू सांभाळ. मी ती पोटावर बांधणार नाही, तिथे आधीच एक पट्टा आहे. दोन मेला, लग्नाच्या दिवशी, सकाळच्या पॅसेंजरनं येतो. पान पहिल्या ओळीत, गुलाबरावांच्या शेजारी. श्लोक मी म्हणणार, आणि वरण वाढायला वाढपी नको. तू ये. वाकून वाढ, सगळ्यांदेखत.

तुझाच,
बाबा