मान पुढे करणारा शब्द

सोमवार
एकदाचं बस्तान बसलं! कत्तलखान्यातली नोकरी म्हणून सासरच्यांनी नाकं मुरडली, मुरडू देत. वरच्या मजल्यावर दोन हवेशीर खोल्या मिळाल्यात, आणि आमची ठकी खिडकीतून खालच्या मेंढरांशी गप्पा मारत बसते. सहा वर्षांची झाली, पण तोंड म्हणून क्षणभर मिटत नाही. बापावर गेलीय, असं बायको म्हणते.

वाटलं होतं, बें-बें ऐकून कान किटणार. छे, सगळं चिडीचूप. मुकादम म्हणजे एक काटकुळा म्हातारा. तो मेंढराच्या कानाशी लागून एक शब्द बोलतो. मेंढरू आपणहून मान पुढे करतं, सुरी फिरते, संपलं. मी तर बघतच राहिलो.

गुरुवार
आज मुकादमानं मला तो शब्द शिकवला. तोही एकेक अक्षर सुटं सुटं सांगून. सलग बोललो तर तूच मान पुढे करशील, म्हणाला. म्हाताऱ्याला थट्टा भारी येते. मग मात्र गंभीर झाला. हातात सुरी असल्याशिवाय बोलायचा नाही म्हणे, शब्दाला मान लागते, तो तसाच परत जात नाही.

गरम रक्त मनगटावर उडालं, ते सदऱ्याला पुसलं. पण एकाही मेंढरानं हूं की चूं केलं नाही.

शनिवार
ठकीची दाढ दुखत होती. दुपारभर नुसती किंचाळत होती. बायको रडकुंडीला आली, पहाटेपासून उभं राहून माझंही डोकं उठलं होतं. ठकीला मांडीवर घेतलं आणि गंमत म्हणून शब्द कानात बोललो. पोर चटकन गप्प झाली, मान लांब करून पडून राहिली. बायको म्हणाली, जादूगारच की हो तुम्ही.

रविवार
मान अजून तशीच. डोळे सताड उघडे. तोंडात घातलेलं पाणी ओघळून जातं. डॉक्टरांनी सुया टोचल्या, काही उपयोग नाही.

मुकादमाचे पाय धरले. शब्द परत घेता येत नाही म्हणाला. माणसावर टाकलेला शब्द माणसाचीच मान घेतो. तिची, नाहीतर तिच्या नावानं कापलेली दुसऱ्या कुणाची.

मंगळवार
ठकीचे ओठ काळे पडलेत. तिच्या नावानं मेंढरं कापली — कितीतरी — व्यर्थ.

केलं. मुकादम पाठमोरा बसला होता. शब्द वापरला नाही, नवं लचांड नको म्हणून. तो मेंढरासारखा गप्प राहिला नाही. माझा अंगठा हाडापर्यंत चावला. सुरी मणक्यात अडकली, उपसून पुन्हा घातली — पुन्हा —

वर आलो तर ठकी पाणी मागत होती. तिला पोटाशी धरून मी ढसाढसा रडलो.

बुधवार
बायकोला सगळं सांगितलं. ती ऊर बडवून रडायला लागली. ठकी तिच्या गळ्यात पडली, कानाशी तोंड नेलं. शब्द तिला पाठ झालाय. लेकरू आईला गप्प करत होतं. मी मधे पडेपर्यंत —

बायको गप्प झाली. मान पुढे.

दुपार
दुसऱ्या कुणाचा गळा आता माझ्यानं कापवणार नाही. माझाच देतो, बायकोच्या नावानं. ठकीला बाहेरच्या खोलीत बसवलंय. सुरी मांडीवर आहे.

अगं, तू सुटलीस आणि हे वाचलंस की पोरीला घेऊन लांब जा. तिला तो शब्द विसरायला लाव. मारून, रागावून, कसंही कर, पण — अक्षरं दिसत नाहीत, डोळे भरून —

ठकी दारात आलीय. मी रडतोय ते तिनं पाहिलं.

"बाबा, रडू नको ना."

जवळ येतेय. ठकी, नको, माझ्या कानाशी तोंड