चाक माझ्या हातात होतं

दि. ४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. तुम्ही भावंडांनी हौसेने घेऊन दिलेली, आपली आपण चालणारी विजेवरची गाडी मी भिंतीवर घातली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण एका बाईचा पाय मोडला.

झालं असं. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ट्रक उभा होता. त्याच्याआडून ती सायकलवर आली. मला दिसली, गाडीला दिसली नसावी, कारण वेग कमीच होईना. मी चाक ओढलं. गाडी फुटपाथवर चढून भिंतीवर आदळली, पण वळताना मागच्या बाजूचा धक्का सायकलला लागलाच.

पोलिसांना मी सांगितलं, चाक माझ्या हातात होतं. तुझा धाकटा भाऊ तेव्हापासून धुमसतोय. गाडीच चालवत होती एवढं म्हटलं असतं तर बला टळली असती, असं त्याचं म्हणणं. अगं, जन्मभर बस चालवली, कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. आता म्हातारपणी खोटं बोलू? पण आतून खचलोय. डोळे अधू झाले म्हणून तर ही गाडी घेतलीत. मग मला खरंच दिसलं, की नुसता घाबरलो?

तुझी आई बरी आहे. तुझी माया अशीच असू दे.
तुझे बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. तुम्ही धडधाकट आहात हे वाचून आधी रडले, मग हसले. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासणारीच्या बापाने भिंत पाडावी!

आता कामाचं. पूर्वी आम्ही चूक कुठल्या ड्रायव्हरची एवढंच बघायचो. आता आधी विचारतो, चालवत कोण होतं? गाडी आपली चालत असेल तर बनवणारी कंपनी जबाबदार. माणसाने चाक धरलं की माणूस. तुमच्या त्या एका वाक्याने सगळं तुमच्यावर आलंय, खटलाही होऊ शकतो. धाकटा त्या धास्तीने चिडलाय, त्याच्यावर डाफरू नका. गाडीचा विमा आमच्याच कंपनीचा, पण घरचं प्रकरण म्हणून मी ते साहेबांना सांगून दुसऱ्याकडे दिलंय. जबाब मात्र बदलू नका. चाक का ओढलंत, तेही सांगा.

आणि त्या बाईंना भेटून या. आई म्हणते, तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, अर्धपोटी उठता. लोभ आहेच, जेवणावरही करा.
तुमची ठकू

दि. १५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. गेलो बाई तुझं ऐकून. धाकटा बरोबर होता. मी दारातूनच परत फिरत होतो, त्यानेच दंडाला धरून आत नेलं. ती बाई एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. प्लॅस्टरमधला पाय उशीवर टाकून बसली होती. मी माफीचं वाक्य घोकून गेलो होतो. ते तिने पुरं करू दिलं नाही.

ती म्हणाली, काका, गाडी सरळ माझ्या अंगावर येत होती. तुम्ही वळवली नसती, तर पाय नाही, मीच गेले असते.

धाकटा खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होता. विमावाल्यांना ती हेच सांगणार आहे. घरी येऊन मी दोनदा भात मागून घेतला. तुझी आई म्हणाली, उपाशी होता तेच परवडत होतं.

तुला माझं आयुष्य लाभो.
तुझे बाबा

दि. २८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. सुटलात! आमचा माणूस वळणावर जाऊन आला, बाईंशी बोलला. गाडी बनवणाऱ्यांनी तपासून कबूल केलं की ट्रकाआडची सायकल गाडीला ओळखता आली नाही. तुमच्यावर दोष नाही. बाईंच्या उपचारांचा खर्च त्या कंपनीकडे. अशा सगळ्या गाड्यांची ती खोट आता दुरुस्त होतेय. शिवाय कुणाला वाचवायला चाक धरलं तर त्या माणसाला जबाबदार धरायचं नाही, असा नियम करायचं आमच्याकडे घाटतंय.

साहेब म्हणतात, काही वर्षांत ड्रायव्हरचा विमाच उरणार नाही, यंत्राचाच उतरवायचा. असेलही. काल मात्र कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

शनिवारी येतेय. आईला नमस्कार, धाकट्याला एक धपाटा. आणि स्टेशनवर मला न्यायला नुसती गाडी पाठवू नका, बाबा. तुम्ही या.
तुमची ठकू