निवळायला ठेवलेलं पिंप

फायली,
४ जून १९७३

चि. एनिडला विल्फदादाचे अ. आ.

इथे फायलीच्या समुद्राच्या हवेने माझी छाती बरी आहे. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकाने पोट बरं नाही, पण ते असो. परवा पर्सी ऑडी इथे सहलीला आला होता. गावच्या सगळ्या बातम्या देऊन झाल्या आणि निघताना टोपी चढवत म्हणाला की तुमच्या ड्रोव्हर्स पबमधली बिअर काही तुझ्या वेळची राहिली नाही हं. खोदून विचारलं तेव्हा म्हणे पाइंटच्या पेल्यावर फेसच नसतो, गार चहा पुढे केल्यासारखं वाटतं.

मी तुझ्या जावयाच्या वाईटावर नाही. मॉरीनने पसंत केला, आपण गोड मानून घेतला. पण त्या तळघरात माझं उभं आयुष्य गेलं, आणि हा डेस्मंड दक्षिणेतल्या कुठल्याशा हॉटेलातून आलेला. आपली बिअर पिंपातसुद्धा जिवंत असते, मुरत असते, हे त्याला कोणी शिकवलं? पिंप घडवंचीवर आडवं निजवायचं, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी मारून आतला वायू जाऊ द्यायचा, निवळी घालून साका, म्हणजे गाळ, तळाला बसला की मगच तोटी ठोकायची. उतावळ्या नवऱ्याचं हे काम नव्हे. तू डोळे उघडे ठेव. आणि फोन करू नकोस, तो बारमध्येच आहे आणि भिंतींना कान असतात.

लोभ ताजा ठेवावा.
तुझा,
विल्फ

*

ड्रोव्हर्स आर्म्स, हेबल्टन,
९ जून १९७३

ती. विल्फदादास एनिडचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पर्सी इथे माझ्यासमोर रोज चार पाइंट रिचवतो आणि तक्रार करायला समुद्रावर जातो, याला काय म्हणावं? पण खोटं बोलला नाही. डेस्मंडने हातपंपाच्या नळाच्या तोंडावरची चाळणी काढून ठेवली आहे, मग फेस येणार कुठून? त्याचं म्हणणं, फेसाखाली चव गुदमरते, त्याच्याकडे सगळे अशीच पितात. मी म्हटलं की बाबा रे, तुझ्याकडे प्या, इथे यॉर्कशरमध्ये लोक फेसाचे पैसे देतात. तो हसला. हसतो फार, बोलतो कमी. असल्या माणसाच्या पोटात काय आहे हे कळत नाही.

आता तू डोळे उघडे ठेव म्हणालास म्हणून सांगते. बार बंद झाला की नळाखालच्या थाळ्यांत सांडलेली बिअर तो बादलीत जमवतो, वर फडकं झाकतो आणि बादली घेऊन तळघरात उतरतो. येताना रिकामी. मी विचारलं नाही. तळघरात मी पाऊल ठेवत नाही हे तू जाणतोसच; बायकांनी बार सांभाळावा, तळघर पुरुषांचं, हा बाबांचा दंडक. मॉरीनला विचारावं तर ती नवऱ्याचीच बाजू घेणार. तूच सांग काय ते.

माया आहे ती फेसासारखी विरू नये.
तुझी,
एनिड

*

फायली,
१२ जून १९७३

चि. एनिडला अ. आ.

बादली वाचून माझं जेवण गेलं. झाकलेली बादली तळघरात जाते आणि रिकामी येते, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. सांडलेली, दहा जणांच्या बोटांवरून वाहिलेली बिअर तो पुन्हा पिंपात ओततो आहे. आपल्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. एकदा का गावात कुणकुण लागली तर बाबांनी कमावलेलं नाव मातीत जाईल. आणि पबाचा मालक असलेल्या बिअरच्या कारखान्याला हेच हवं आहे. ते आजूबाजूच्या प्रत्येक पबातले हातपंप उपटून वायूवर चालणारी ती मेलेली बिअर बसवत सुटले आहेत. आपल्याकडे त्यांना फक्त निमित्त पाहिजे.

बाबा गेले, त्यांचा दंडकही आता जाऊ दे. दुपारी बार बंद असतो आणि जावईबापू कुत्र्याला घेऊन टेकडीवर जातात, तेव्हा खाली उतर आणि पिंपाचा अंदाज घे. विकलं जातं तसं पिंप रोज हलकं व्हायला हवं. जितकं हवं तितकं हलकं नसलं, तर समज की वरून भर पडली. त्याला मात्र चाहूल लागू देऊ नकोस. चोराच्या मनात चांदणं असतंच.

लोभ आहे, सावधगिरीही असू दे.
विल्फ

*

ड्रोव्हर्स आर्म्स,
२६ जून १९७३

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझंच खरं ठरलं, आणि मला रडू येतंय. गेल्या आठवड्यापर्यंत बिअरला नुसता फेस नव्हता, आता ती सरळ गढूळ येते. परवा पर्सीने पेला खिडकीशी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की यात आमच्या डबक्यातली बदकं पोहतील. डेस्मंडने निमूटपणे पेला बदलून दिला. दुसराही तसाच. त्याचं तोंड पाहवत नव्हतं, पण मी मन घट्ट केलं. करावं तसं भरावं.

मी रोज दुपारी खाली जाते. पहिल्या दिवशी बाबा मागे उभे आहेत असंच वाटत होतं. आता सवय झाली. पिंपाचा मागचा काठ दोन्ही हातांनी धरते, जरा उचलते, डुचमळवून आतला आवाज ऐकते आणि होतं तसं ठेवते. वजनाचं मला नीट उमगत नाही, एक दिवस हलकं लागतं, एक दिवस जड. पण चोरी असल्याशिवाय का गढूळ होईल?

खरी काळजी पुढेच आहे. गुरुवारी अकराला कारखान्याचे मिस्टर लम्ब चव बघायला येणार आहेत. पाइंट गढूळ निघाली तर महिनाअखेर हातपंप काढून नेणार, असं त्यांनी कळवलंय. बाबांच्या हातचे ते पंप. दादा, त्यांच्यासमोर डेस्मंडचं बिंग फोडू का? म्हणजे दोष त्याच्या एकट्यावर जाईल आणि पंप तरी वाचतील. मॉरीन मला आयुष्यभर माफ करणार नाही. उलट टपाली लिही.

माया पातळ होऊ देऊ नये.
एनिड

*

फायली,
२७ जून १९७३

एनिड,

आशीर्वाद वगैरे नंतर. पिंपाला हात लावू नकोस.

मी अंदाज घे म्हटलं तो वरच्या भोकातून मापाचा गज बुडवून घ्यायचा असतो. गज भिंतीला टेकूनच उभा आहे, पण तुला ते कोण सांगणार? तुला तर कधी कोणी खाली येऊच दिलं नाही. निवळलेलं पिंप हलवलं की तळाचा सगळा साका वर उठतो आणि पुन्हा बसायला एक अख्खा दिवस घेतो. तू रोज डुचमळवते आहेस. बिअर डेस्मंडने नाही, तू गढूळ केलीस. आणि तुला खाली मी धाडलं.

आत्ता कोपऱ्यावर जाऊन फोन केला. त्यानेच उचलला. काय बोलावं सुचेना, म्हणून ठेवून दिला. हे पत्र गुरुवारी सकाळच्या टपालात मिळो. लम्बसमोर तोंड उघडू नकोस.

विल्फ

*

ड्रोव्हर्स आर्म्स,
३ जुलै १९७३

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळी नाही, दुपारी आलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बुधवारी दुपारी मी नेहमीसारखी पिंप हलवून आले होते. गुरुवारी लम्बसाहेबांनी पेला उजेडात धरला आणि नाक मुरडलं. मी बोलणारच होते, बादली अगदी जिभेवर होती. तेवढ्यात डेस्मंड म्हणाला की साहेब, चूक माझी आहे, मी तोटी घाईने ठोकली, पिंपाला झोप मिळाली नाही. सोमवारी या, तेव्हाही असंच असेल तर पंप न्या आणि मलाही हाकला. लम्बसाहेब पुटपुटत गेले.

मग तुझं पत्र वाचलं. स्वयंपाकघरात बसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात डेस्मंड आत आला, खिशातून तळघराची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला की आई, सोमवारपर्यंत कोणी खाली जायला नको, मीसुद्धा नाही, तेव्हा किल्ली तुम्हीच सांभाळा. आवाजात टोमणा नाही, काही नाही.

त्याला माहीत होतं, दादा. पिंप गार ठेवायला पांघरलेल्या ओल्या पोत्यांवर, मागच्या काठाशी, माझ्या बोटांचे ठसे रोज उमटत असणार. तो सगळ्यांची बोलणी खात राहिला, पण सासूचं नाव घेतलं नाही. आणि किल्ली दिली ती मलाच.

बादलीचंही कळलं. न राहवून मागच्या बागेत गेले. तळघराचं मागचं दार तिकडेच उघडतं. त्याच्या कोबीच्या वाफ्यात जागोजागी बशा पुरलेल्या, बशांत सांडलेली बिअर, आणि बिअरमध्ये टर्र होऊन मेलेल्या गोगलगायी. आपण ज्याला पाप म्हणत होतो ते हे. मी वाफ्याच्या कडेला बसले आणि रडले, आणि मग हसूही आलं.

सोमवारी मी किल्ली दिली. पाइंट अशी निघाली की पेल्याआडून पर्सीच्या नाकावरचा तीळ दिसत होता. लम्बसाहेबांनी दुसरी मागितली. पंप राहिले.

मी डेस्मंडची माफी मागायला गेले, तर म्हणाला की आई, उद्या नवी पिंपं येतील, गज कसा बुडवायचा ते दाखवतो. आज सकाळी दाखवला. बाबांनी काय केलं असतं कोण जाणे.

निवळलेली माया कोणी ढवळू नये.
तुझी,
एनिड

*

फायली,
५ जुलै १९७३

चि. एनिडला अ. आ., आणि या खेपेला चि. डेस्मंडलाही.

फोन त्याने उचलला होता. पिंप हलवलं जातंय, एवढं एक वाक्य मी तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. बहिणीला पानंच्या पानं लिहिली आणि ज्याचं तळघर त्याच्याशी बोलायला मला वाचा फुटली नाही.

शनिवारच्या गाडीने येतो. मला त्याच्याच हातची पाइंट दे, चाळणीशिवाय. आवडली नाही तर तसं सांगेन, पण त्याच्या तोंडावर. तुला पत्राने नाही.

विल्फ