बिनसहीचा अर्ज

दि. ४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

समोर आलीस की माझा आवाज चढतो, म्हणून माझ्या चिमणीच्या दप्तरातून हे पत्र पाठवतेय. पोटच्या पोरीला पोस्टमन केलंय.

शाळेच्या फाटकाबाहेर अकरा वर्षं माझी टपरी. मधली सुट्टी झाली की पोरांचा नुसता गराडा. आता सरकारने आत फुकट जेवण सुरू केलं, आणि स्वयंपाकीण कोण, तर तू! मी बिस्किटांच्या बरण्यांवर फडकं मारत बसते. पोरांची पोटं भरतात, त्याचं वाईट वाटू नये, पण वाटतं. त्यात चिमणी माझं ताट सरकवून म्हणते, मावशीच्या हाताला चव आहे. तुला साधा भात मी शिकवला. तुझा पहिला भात कुत्र्यानेही हुंगून सोडला होता, हे सांग तिथे.

लोभ थोडा आटलाय, पण आहे.
तुझी ताई

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुत्र्याची गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली. मुख्याध्यापकबाई पोट धरून हसल्या. आज मात्र हसू येत नाही. कुणीतरी वर बिनसहीचा अर्ज केलाय, की स्वयंपाकीण धान्य घरी नेते आणि भातात अळ्या असतात. गेल्या सोमवारपासून शाळेतली चूल बंद. चौकशी होईपर्यंत मी घरी.

पहिल्या दिवशी पोरं ताटं घेऊन ओळीत बसली आणि तशीच उठली. आपल्या गल्लीतल्या धोबिणीच्या दोघी मुली जेवायला घरी गेल्या त्या परतल्याच नाहीत. आईच्या हाताखाली कपडे धुताहेत. जेवण होतं म्हणून तर ती त्यांना शाळेत धाडत होती.

चौकशीला आलेल्या साहेबांनी अर्ज दाखवून विचारलं, अक्षर ओळखीचं आहे का. मी नाही म्हटलं. ताई, मला बाराखडी तू गिरवायला लावलीस. तुझा 'ळ' मी झोपेतही ओळखेन.

माझा लोभ आहेच. तुझा मागावा की नाही, कळत नाही.
धाकटी

दि. २६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

अर्ज मीच केला. चिमणीने आवडत्या माणसावर निबंध लिहिला होता, तुझ्यावर. तो वाचून अशी जळले, की त्याच वहीचं पान फाडून खोटंनाटं खरडलं.

काल कचेरीत गेले. अर्ज माझा आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, खाली सही करायला लावली. तिथून धोबिणीकडे गेले, सगळं सांगून पोरींना शाळेत धाड म्हटलं. ती ऐकत कपडे पिळत राहिली. आज तिची थोरली शाळेत दिसली. तिची धाकटी अजून नाही.

सगळ्या गल्लीला कळलंय. टपरीवर चिटपाखरू फिरकत नाही. चिमणी बोलत नाही, तेव्हा हे पत्र मीच तुझ्या दाराखालून सरकवतेय.

आज चूल पुन्हा पेटवायला तू फाटकातून आत गेलीस आणि पोरं तुझ्याकडे धावली. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा जळले. ही खोड जाईल असं वाटत नाही. पण या वेळी मी तुला हाक मारायला उठले होते, फाटकापर्यंत येऊन मागे फिरले.

लोभ असावा, असं कोणत्या तोंडाने लिहू? रागाव हवं तेवढी. फक्त ताई म्हणून रागाव.
तुझी
ताई