पडद्यावर अडविलेली बैलगाडी

बावडा, ता. १२ फेब्रुवारी १९५६

चिरंजीव भिमा यास आशीर्वाद. अबोला असला तरी वडीलकीचा हक्क सुटत नाही.

माझी लेक प्रयाग तुझ्या बारामतीत शिक्षिका झाली व जळोचीहून सायकलीने शाळेत जाऊ लागली, तेव्हा "घराण्याची अब्रू चाकावर बसवली" असे म्हणून तू दोन वर्षे बोलणे टाकलेस.

काल सरकारी सिनेमाची मोटार आमच्या चावडीपुढे आली. बारामतीच्या बाजारात घेतलेले चित्र पडद्यावर दाखविण्यात आले. भाजीवाल्या, टांगे, गर्दी, आणि त्या गर्दीतून सायकलीवर आमची प्रयाग! समोरून बैलगाडी भरधाव आली. पडद्यापुढे बसलेल्या बायका खरोखरच बाजूला सरल्या. तोच एका फेटेवाल्याने धावत जाऊन बैलाची वेसण धरली, आणि पोरगी पार होईपर्यंत तो हसत उभा राहिला.

"आबा, ह्यो तर भिमातात्या हाय की वो!" शेजारची द्वारकाबाई ओरडली. "बोलत न्हाय म्हणं! हसतोय बघा कसा!"

मी विनंती करून ते चित्र पुन्हा लावविले. दोन्ही वेळा तू हसलास. गावाने टाळ्या वाजविल्या. काठी खाली ठेवून मीही वाजविल्या.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू सारे नाकबूल करशील. शनिवारी तीच मोटार तुझ्या पेठेत येत आहे. प्रयाग व मी सर्वांच्या आधी सतरंजीवर बसू, आणि दोघांच्या मध्ये तुझी जागा राखून ठेवू.

तुझा विजयी वडील बंधू,
झुंबर