मिरचीतली पिवळी साडी

माय, आज आबांनी आणि मी फळं लागलेली मिरची उपटली. पुढच्या बाजाराला आष्टीला न्यायची होती तीच. तू असतीस तर आमच्या आधी सरीत उतरली असतीस.

मिरचीत जाताना तू मुद्दाम ती हळदीच्या रंगाची साडी नेसायचीस. ऊन चढलं की बांधावर पदर पसरून त्यावर बसलेला पंखवाला मावा बघायचीस. आबा चिडवायचे, "किड्यांनाबी तूच आवडतीस." तू म्हणायचीस, "मग तुमी कावून जळताव?" पदरावर मावा वाढला की तू पानं उलटून पाहायचीस आणि ज्याचं पान चट्टेरी, आकसलेलं दिसेल ते झाड मुळासकट काढायचीस. एकदा मी तसं झाड हातात मिरवत सरीतून निघालो, तर केवढ्यानं ओरडलीस! "उघडं नेतो व्हय! पोत्यात घाल आधी. ह्याचा रस पिलेला मावा शेजारच्यावर बसला की त्येबी गेलं."

शाळा सुटली, पण ते बोलणं ध्यानात राहिलं. आता मी काठ्यांना पिवळे चिकट कागद बांधतो आणि रोज सकाळी एकेक बघतो. घरी आलो तरी जीव थाऱ्यावर नसतो, परत जाऊन बघतो. आज ओढ्याकडचा कागद माव्यानं काळा पडलेला, आणि त्याच बाजूच्या शेंड्यांची पानं चट्टेरी. आबा म्हणाले, "फवारा मार. फळं लागलेल्या झाडाला हात लावायचा न्हाई."

"फवाऱ्यानं मावा मरंल, आबा. झाडात शिरलेला रोग मरत न्हाई. ही ठेवली तर सगळं रान जाईल."

ते निघून गेले. मी एकटाच उपटत राहिलो. थोड्या वेळानं मागून एक पोतं पुढं आलं. त्याचं तोंड उघडून धरत आबा म्हणाले, "घाल. तुझी मायबी ऐकायची न्हाई."

एक झाड तेवढं राहिलं. फळांनी वाकलंय, एकच पान फिकं आहे. रोग की उन्हाचा चटका, ठरवता येईना. त्यावर मावा बसू नये म्हणून झाकायला पेटीतली तुझी तीच साडी काढली, बांधापर्यंत नेली, आणि तिथं आठवलं, मावा पिवळ्यावरच तर येतो. तशीच परत आणली. हे पत्र तिच्याच घडीत ठेवतोय.

ते झाड अजून उभं आहे, माय. मला उपटवलं नाही.