पानाला बगळा शिवला

पालेगाव, अंबरनाथ पूर्व
दिवाळीच्या आधीचा सोमवार

चि. सौ. जनीस दादाचे पोटभर आशीर्वाद. राजेंद्ररावांना नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? बाबांच्या पानाला येता आलं नाही ते गुडघ्यापायी, असं तू कळवलंस. (त्याच आठवड्यात तू मुळगावच्या खंडोबाच्या सगळ्या पायऱ्या चढून आलीस, हेही कानावर आलं. बरोबर आहे. चढणाऱ्याला खंडोबा बळ देतो; दादाचं घर सपाटीवर, तिथे बळ कोण देणार?) फोन केला की "आवाज येत नाही" म्हणून ठेवतेस, म्हणून हा कागद. प्रमोदच्या हळदीत आत्याच्या मानाला तुझं नाव पुकारलं, ते डीजेच्या दणक्यात तुला ऐकू आलं नाही आणि तू मान न घेताच बदलापूर गाठलंस, तेव्हापासून आपल्या दोघांत आवाजाचंच काही जमेना झालंय. तुझी मानाची साडी कपाटात आहे. घडीवर विरू नये म्हणून तुझी तुळशीवहिनी ती अधूनमधून उलटी घडी घालून ठेवते.

असो. सध्या माझं बूड एका जागी ठरत नाही, त्याचं कारण सांगतो. पितृपक्षात पान वाढलं. खीर, वडे, अळू, सगळं रीतीप्रमाणे. पण बाबा मासळीवाचून जेवल्याचं तुला आठवतं का? म्हणून मी पानाच्या कडेला दोन मांदेली तळून ठेवली. कौसाआत्याने कपाळाला हात लावला. "अरं, पितराच्या पानात मावरं? कावला तोंड लावंल काय!" आणि खरंच, कावळा फिरकेना. (पालेगावात कावळे कमी झालेत असं समजू नकोस. समोर नवीन टॉवर उठतोय, तिथल्या वडापावच्या गाडीवर सगळे कामाला लागलेत. फुकटच्या खिरीला वेळ कोणाला?) मग आपल्यात करतात तसं एकेकाने पानासमोर शब्द द्यायला सुरुवात केली. प्रमोद म्हणाला, आजोबा, हेल्मेट घालीन. तुळशी म्हणाली, मामंजी, तुमचं जांभळीचं झाड तोडू देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी मीही मनातल्या मनात एक शब्द दिला, आणि तो पुरा होतो न होतो तोच वरून छत्री मिटावी तसा भलामोठा राखी बगळा उतरला, दोन्ही मांदेली गिळली, खिरीत पाय बुडवला आणि परसातल्या हौदाच्या काठावर जाऊन उभा राहिला.

आता हे शिवणं धरायचं की नाही? प्रमोद म्हणे, पक्षी तो पक्षी. तुळशी म्हणे, कावळ्याचं काम कावळ्यानेच करावं. कौसाआत्याने मात्र निकाल दिला, की ज्याच्या शब्दावर तो उतरला त्याने शब्द पाळायचा, तोवर म्हातारा हलायचा नाही. आणि खरंच हलत नाही गं! रोज सकाळी हजर. हौदातले डासांसाठी सोडलेले गप्पी मासे त्याने संपवले, आता डास आम्हाला संपवतायत. मी पेपर उघडला की तो मान लांब करतो, मी मिटला की आखडतो. दोन ओळी वाचून मी खिडकीशी जातो, तिथून मागच्या दाराशी, परत खुर्चीत. चहा रोज गार होतो.

हाकलून नाही का पाहिलं? पाहिलं. बाबांचा तो राखाडी स्वेटर चढवून बुजगावणं उभं केलं. बगळा त्याच्या शेजारी जाऊन एका पायावर उभा राहिला. बाबा बांधावर उभे राहून पाणी कुठे फुटतंय ते बघायचे ना, अगदी तस्सा, मान खांद्यात घालून. तेवढ्यात कपडे वाळत घालायला तुळशी बाहेर आली, आणि जनी, तिच्याही नकळत तिने डोक्यावर पदर घेतला! झालं. त्या दिवसापासून घरात सासरा आला. परसात मोठ्याने बोलायचं नाही. जांभळीखाली लावलेल्या प्रमोदच्या गाडीच्या सीटवर रोज पांढरा आशीर्वाद असतो, तो बिचारा मुकाट्याने पुसतो. (हेल्मेट मात्र घालायला लागलाय. वरून काय पडेल सांगता येत नाही.)

शेजारच्या टॉवरमधला हरेश, ज्याचा कॅम्प तीनच्या वस्तीत जीन्सचा कारखाना आहे, तो सहाव्या मजल्यावरून फोटो काढतो. "काका, लोग इसके लिए जंगल जाते हैं, तुमच्याकडे घरी आला!" परवा त्याने हौसेने बाजारातून कापलेली सुरमई आणली. म्हाताऱ्याने एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा हरेशकडे, आणि पाठ फिरवली. बाबांनाही शिळी मासळी चालायची नाही, हे मी हरेशला सांगितलं. त्याने हात जोडले, ते मला की बगळ्याला, कळलं नाही.

तर असं चाललंय. बाकी सगळे खुशाल. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा,
जयदेवदादा

ता. क. मनातल्या मनात काय शब्द दिला ते लिहायचं राहिलं. "बाबा, जनीला घरी आणीन." एवढंच. आता भाऊबीजेला मी तुझ्याकडे यायचं ही रीत, पण मी दाराबाहेर पडलो तर माझ्यामागे जांभळीवर चढून म्हाताऱ्याला कोण काय करील नेम नाही. म्हणून यंदा तू ओवाळायला इकडेच ये. प्रमोद रिक्षा घेऊन येईल. डीजे नाही. नाव मी स्वतः दारात उभा राहून पुकारीन.

आणखी ता. क. पत्र तुळशीला वाचून दाखवलं. ती आता सांगते, की हा बगळा आषाढापासून येतोय. मासळी साफ केली की ती टाकाऊ भाग हौदामागे फेकायची, मी ओरडेन म्हणून बोलली नाही. म्हणजे बाबा नाहीत, शब्द नाही, काही नाही, नुसती आतडी! मी म्हटलं, बये, हे आधी सांगितलं असतंस तर एवढं पत्र लिहावंच लागलं नसतं. ती तुझ्या साडीची घडी उलटत म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं."